रुमालाखालची घड्याळं

माझ्या दुकानात बंद घड्याळं घेऊन येणाऱ्यांपेक्षा चालू घड्याळं घेऊन येणारी माणसं जास्त होती, असं सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. बंद घड्याळवाला साधा माणूस. त्याला घड्याळ चालायला हवं असतं. ते चाललं की राम राम करून जातो आणि वर्षभर तोंड दाखवत नाही. असल्या गिऱ्हाइकावर माझं घर चाललं नसतं. ते चाललं दुसऱ्या प्रकारच्या लोकांवर. त्यांची घड्याळं उत्तम चालायची, बिघडलेले असायचे ते स्वतः.

मेहकरला मोटार स्टँडसमोर माझी लाकडी टपरी होती. पुढे काच, काचेमागे मी, डोळ्याला भिंग आणि बाहेर एक बाकडं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि मनगटावर घड्याळ असणं हीच तेव्हा मोठी गोष्ट होती. त्यात स्विस घड्याळ म्हणजे तर विचारूच नका. सोन्याचा मुलामा, तारखेची खिडकी, हात हलला की आपोआप चावी भरणारं. ते मुंबईच्या बंदरावरून कोणत्या वाटेनं आलं, हे विचारायची पद्धत नव्हती. अशी मोजकीच घड्याळं आमच्या भागात होती आणि मेहकर, साखरखेर्डा, दुसरबीड या टापूत ती सारखी फिरत असायची. घड्याळं तीच, मनगटं वेगळी. या मनगटवाल्यांना मी मनातल्या मनात बदलीवाले म्हणायचो. सरकारी नोकरांच्या तरी तीन-चार वर्षांनी बदल्या होतात, यांच्या घड्याळांच्या दर बाजाराला व्हायच्या.

बदलीवाला ओळखायचा कसा? त्याला वेळ विचारा. साधा माणूस घड्याळ पाहून वेळ सांगतो. बदलीवाला घड्याळ काढून तुमच्या हातात देतो. म्हणतो, वजन पाहा. कानाला लावा म्हणतो. मग ते कुठून मिळालं याची कथा सुरू होते, आणि तुमची गाडी निघून जाते. भेटल्यावर त्याची नजर तुमच्या तोंडाकडे नसते, मनगटाकडे असते. एकदा एका गृहस्थाला मी रस्त्यात हाक मारली तर तो नुसता बघतच राहिला. मी हात वर केला तेव्हा माझं घड्याळ पाहून म्हणाला, "अरे, मिस्तरी होय!"

यांच्यापैकी कोणी 'घड्याळ विकलं' असं कधी म्हणत नसे. 'सोडलं' म्हणायचे, एखादं व्यसन सोडल्यासारखं. सोडण्याची कारणंही ऐकण्यासारखी असत. काटे फार बारीक आहेत. रात्री टिकटिक जास्त करतं. एका हेडमास्तरांनी तर गंभीर चेहऱ्यानं सांगितलं होतं की ते घड्याळ मला मानवलं नाही. आणि एखाद्यानं आपल्या घड्याळाची तोंडभरून तारीफ चालवली की मी समजून जायचो, याचं मन आता त्यावरून उडालं आहे.

माझं काम दोन प्रकारचं. पहिलं म्हणजे मागचं झाकण उघडून खात्री करून देणं. वरचं खोकं स्विस आणि पोटात भलतंच मशीन, असा माल पुष्कळ फिरायचा. घड्याळाच्या पोटात एक चाक सारखं इकडून तिकडे झुलत असतं. त्याला झुलवते ती बालकमानी, केसाहून बारीक. माणूस शिंकला तरी ती उडून जाते आणि मग टपरीची फळी न् फळी झाडावी लागते. म्हणून माझ्याकडे तपकीर ओढणाऱ्यांना बाकड्यावर बसायची मनाई होती. तालुक्याचे एक मोठे पुढारीही त्यातून सुटले नाहीत. ते रस्त्यापलीकडे उभं राहून माझ्याशी बोलायचे.

दुसरं काम पट्टे बदलण्याचं. बदलीत फक्त घड्याळ द्यायचं, पट्टा ज्याचा त्याच्याकडे राहायचा, कारण तो मनगटाला बसलेला असे. त्यामुळे प्रत्येक बदलीला दोघेही माझ्यापुढे हात करून उभे. एकदा दोघांनी बाकड्यावर बदल केला, पट्टे लावून घेतले, समोर चहा प्यायला गेले आणि परत येऊन बदल उलटा करून पुन्हा पट्टे लावून घेतले. जाताना दोघांनीही मला वेगवेगळं गाठून, डोळा मारून सांगितलं की समोरच्याला कसा बनवला!

हसतो खरा मी, पण ती माणसं मला आवडायची. आता बॅटरीची घड्याळं आली. ती उघडून पाहावीत असं त्यांच्या पोटात काही नसतं, आणि घड्याळ कानाला लावून डोळे मिटणारा माणूस मला कित्येक वर्षांत दिसलेला नाही. याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

तर सौद्याची पद्धत. ती त्यांनी बैलबाजारातून उचलली होती. दोघांनी समोरासमोर बसायचं, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचा. तोंडानं शब्द काढायचा नाही आणि चेहरा दगडासारखा ठेवायचा. हात सुटले की सौदा पक्का, मग माघार नाही. या विद्येत सगळ्यांचे गुरू होते दुसरबीडचे गुलाबराव. भाजीपाल्याचा मळा, मिरची, कांदा, बागायत चांगली. अंगानं आडवे, मिशा भरघोस, आणि रुमालाखाली हात गेला की चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. त्यांनी आयुष्यात किती घड्याळं फिरवली ते त्यांनाही माहीत नसेल. फक्त एक घड्याळ मात्र त्यांनी कधी बाजारात आणलं नाही. ते पेटीत असायचं. एकुलत्या एक मुलीच्या, कमलच्या लग्नात त्यांनी ते जावयाला दिलं, आणि भर मांडवात सांगितलं, "दिनकरराव, हे रुमालाखाली जाऊ द्याचं नाही."

जावई दिनकर मेहकरचाच. विळे, कुदळी, नांगराचे फाळ विकायचं दुकान, माझ्या टपरीपासून हाकेच्या अंतरावर. सरळ मुलगा. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की माझ्या बाकड्यावर येऊन बसायचा, आणि त्या बाकड्यावर बसून सरळ राहिलेला माणूस मी पाहिलेला नाही. आधी तो नुसता ऐकायचा. मग दुसऱ्यांची घड्याळं कानाला लावायला लागला. एक दिवस साखरखेर्ड्याचे अण्णा, मोठे जमीनदार, काळ्या डायलचं एक देखणं घड्याळ घालून आले. दिनकरनं ते पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. मी "अरे, सासऱ्याचं आहे ते" म्हणेपर्यंत रुमाल पडला होता.

काळ्या डायलचं घड्याळ त्याच्याकडे महिनाभर टिकलं. मग तेही गेलं. त्याच्या बदल्यात आलेलंही गेलं, आणि शेवटचं असं मोडलं की मलाही दुरुस्त करता आलं नाही. मनगट मोकळं झालं. बायकोला त्यानं सांगितलं, घड्याळ मिस्तरीकडे दुरुस्तीला टाकलं आहे.

एक दिवस कमल माझ्या टपरीपुढे येऊन उभी राहिली. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, आमच्या यायचं घड्याळ तुमच्याकडं आहे म्हनते. दाखवता काय जरा?"

मी समोरच्या डबीत उगाच काहीतरी शोधायला लागलो. तिनं थोडा वेळ माझी ती शोधाशोध पाहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मले समजलं. मी गुलाबरावची पोरगी आहे भाऊ, मोकळं मनगट मले काय सांगते ते मले समजते. माझ्या आईजवळ शिवायची मशीन होती. गावातल्या साऱ्या बायायच्या चोळ्या तिच्याकडं येत. मी लहान होती तवा बाबानं ती मशीन देऊन घड्याळ आनलं. तेच हे घड्याळ. आई भांडली नाही, रडली नाही. नुसती मशीनच्या जाग्यावर घागर ठेवली. पन ते घड्याळ आईसमोर घालाची बाबाची हिंमत झाली नाही कधी. मी लग्नाच्या आधी एकच अट घातली होती, असा बदल्या करनारा नवरा मले नको."

"बोलला का दिनकर काही?" मी विचारलं.

"बोलले असते तं मी इथं काऊन आली असती? आता धोंड्याचा महिना आहे. रविवारी बाबानं जेवाले बलावलं. मी ट्रंक भरून ठेवली. हे खरं बोलले तं संग वापस येईन. नाही तं माहेरीच राहीन. यायले सांगू नका मी आलती म्हनून."

पिशवी उचलून ती निघून गेली. ती धमकी देत नव्हती, नुसतं सांगत होती, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

कमल येऊन गेली आणि खरं बोलण्याची अट घालून गेली, हे दिनकरला कळू द्यायचं नव्हतं. पण घड्याळ शोधायला कोणाची मनाई नव्हती. मी टपरी बंद केली, दिनकरला दुकानातून उठवला आणि आम्ही साखरखेर्ड्याची गाडी धरली. तो वाटेत एकच वाक्य बोलत होता, "मिस्तरीभाऊ, अण्णा देतील ना वापस?"

अण्णांनी आम्हाला चहा पाजला. मनगटावर घड्याळ होतं, पण दुसरंच.

"ते घड्याळ?" अण्णा म्हणाले. "ते तं मागच्या बाजारात गेलं राजेहो. गुलाबराव घेऊन गेले."

दिनकरच्या हातातली बशी कलंडली.

"गंमत सांगतो तुमाले," अण्णा पुढे म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना काही कल्पना नव्हती. "मी सवयीनं रुमाल टाकाले गेलो, तं तो मानूस म्हने रुमाल नको. हातातलं घड्याळ काढून देलं, खिशातलं देलं, आन माझ्या हातातलं घेऊन चालता झाला. भाव नाही, बोट नाही. मी म्हटलं, गुलाबराव, बिमार आहा काय?"

आम्ही परतीची गाडी धरली. सासऱ्याला सगळं कळलं होतं आणि रविवारी त्याच सासऱ्याच्या पंगतीला बसायचं होतं. स्टँडवर उतरल्यावर त्यानं माझा हात धरला. "तुमी चाला संग. मामाजी तुमचं ऐकते."

गुलाबराव कोणाचं ऐकत नसत. पण मी गेलो. कमलनं सोबत आणलेली ट्रंक दुसरबीडच्या घरी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवलेली होती. तिनं ती उघडलीही नव्हती आणि आतही नेली नव्हती. माझं लक्ष सारखं त्या ट्रंकेकडे जात होतं.

जेवण जोरदार झालं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, अनारसे. गुलाबराव भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बसले होते. वाढायला कमल होती. दिनकरनं आधी डावा हात पाठीमागे ठेवला, मग मांडीखाली घातला, मग धोतराच्या सोग्यात गुंडाळला. गुलाबरावांची बायको सरूबाई दाराआडून "जवायाले अजून वाढ वं" म्हणत होत्या. बारीक अंगाची, कमी बोलणारी बाई. मी इतकी वर्षं त्या घरी जात होतो, पण त्यांचा आवाज मला स्वयंपाकघरातूनच माहीत होता.

पान खाऊन झालं आणि गुलाबरावांनी हाक मारली, "दिनकरराव, या, बसा इथं समोर."

दिनकर बसला. गुलाबरावांनी खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि दोघांच्या हातांवर टाकला. मी पान चघळायचं थांबलो. कमल दारात येऊन उभी राहिली. रुमालाखाली काहीतरी हालचाल झाली. गुलाबरावांचा चेहरा नेहमीसारखा दगड, आणि दिनकरच्या कपाळावरून घाम निथळत होता. मग गुलाबरावांनी रुमाल ओढून पुन्हा खांद्यावर टाकला. सदऱ्याच्या लांब बाहीत लपवलेलं ते घड्याळ आता दिनकरच्या मनगटावर होतं.

"हे घे कमल," गुलाबराव मोठ्यानं म्हणाले. "तुह्या नवऱ्याचं घड्याळ दुरुस्त होऊन आलं. मिस्तरी संग घेऊन आले होते, मीच म्हटलं जेवन होऊ द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या तोंडात पान होतं हे माझं नशीब. कमलनं माझ्याकडे पाहिलंही नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. नुसती मान हलवली असती तरी दिनकर सुटला असता. सासऱ्यानं वाट करून दिली होती. खुद्द सासऱ्यानंच खोटं बोलून ठेवलं होतं.

दिनकरनं मनगटाकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "दुरुस्तीले नव्हतं ते. मी सोडलं होतं. मामाजीनं वापस आनलं. आज वाढतानी मनगट मोकळंच होतं, कमल, तू पाह्यलं ना?"

"पाह्यलं," कमल म्हणाली.

ती पुढे आली, त्याच्यापुढे बसली आणि तिनं घड्याळाचा पट्टा सोडला. मला वाटलं बापापुढे आदळते आता. पण ती उठून आत गेली आणि आईला हाताला धरून ओसरीवर घेऊन आली. सरूबाईंच्या हाताला कणीक लागलेली होती. कमलनं ती पदरानं पुसली आणि घड्याळ त्यांच्या मनगटावर, हिरव्या बांगड्यांच्या मागे, बांधलं.

"हे तुह्यं आहे आई," ती म्हणाली. "तुह्यी मशीन देऊन आनलेलं."

गुलाबराव हसल्यासारखं करून म्हणाले, "अवं, तिले कुठं घड्याळ समजते?"

सरूबाईंनी मनगट वर करून घड्याळ नीट पाहिलं. मग नवऱ्यासमोर मांडी घालून बसल्या, त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

मी आजवर शेकडो सौदे पाहिले, पण बाईमाणसानं रुमाल टाकलेला तो एकच. सरूबाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गुलाबरावांच्या मात्र भुवया वर गेल्या, मिशा थरथरल्या आणि सगळे नियम मोडून ते मोठ्यानं म्हणाले, "हाव! हाव! आनतो!" सरूबाईंनी हात सोडला, रुमाल घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्या भांडी आवरायला आत गेल्या.

दिनकर तसाच खाली मान घालून बसला होता. कमल कोपऱ्यात गेली, ट्रंक उचलली आणि आणून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"चाला," ती म्हणाली. "मेहकरची गाडी निघून जाईल. आन तुमचं मनगट असंच बरं दिसते."

त्यानं ट्रंक अशी काही उचलली, जशी आत पिसं भरली होती. माझ्याही जिवात जीव आला. गाडीत जागा मिळाली नाही, आम्ही उभ्यानं आलो, आणि मी वाटेभर विनाकारण हसत होतो.

पुढे दिनकर माझ्या बाकड्यावर येईनासा झाला. मीच त्याच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथे फाळ आणि कुदळी होत्या, आणि त्यांची अदलाबदल करावी असं कोणाच्या मनात येत नसे.

पंधरा-वीस दिवसांनी गुलाबराव टपरीवर आले. मी झाकण उघडायचं हत्यार हातात घेतलं, तर म्हणाले, "ठेवा ते. आज काही आनलं नाही." मग बाकड्यावर ऐसपैस बसले.

मला राहवेना. विचारलं, "गुलाबराव, त्या दिवशी रुमालाखाली वहिनींनी भाव तरी काय लावला?"

"भाव कायचा?" ते म्हणाले. "तिले कुठं बोटायचा हिशोब येते? मी आपला वाट पाहून राह्यलो, किती बोटं दाबते म्हनून. तं तिनं माझं एक बोट धरलं आन नखानं टोचाले लागली. टक टक टक टक, सरळ रेघेत, मशीनच्या सुईवानी. शिवतच चालली. मले समजाले उशीर लागला नाही, मिस्तरी. इतक्या वर्साची शिलाई तिनं माझ्या एका बोटावर घातली."

त्यांनी ते बोट माझ्यापुढे धरलं. त्यावर काहीच नव्हतं, पण आम्ही दोघंही बघत राहिलो.

"मंग आनली मशीन," ते म्हणाले. "जालन्याहून, नवी कोरी. टपावर टाकून आनली, दारात उतरवली. घागर तिनंच उचलली तिथून, मशीन मांडली, तेल देलं. सकाळपासून बायायची रांग लागली आहे घरी, मले चाहा भेटत नाही. म्हनून तं इथं आलो."

"आणि घड्याळ?"

गुलाबराव मिशीत हसायला लागले.

"सौदा म्हटला म्हनजे सौदा. मी म्हटलं, सरू, मशीन आली, आता घड्याळ वापस दे. तिनं पाय थांबवला नाही मशीनवरचा. वर पाह्यलं नाही. म्हने, मशीन नेली होती तवा घड्याळ मले देलं होतं काय?"